कुठे ओढतंय?

मित्रांनो, मला शिर नाही. हातही नाहीत. मानेच्या जागी एक गुळगुळीत लाकडी गोटा आहे आणि कंबरेखाली लोखंडी दांडा, तीन पायांवर उभा. मी एका शिवणघरातला जुना पुतळा आहे. ज्याला मुख नाही त्याने आत्मकथा सांगावी तरी कशी, असे तुम्हांला वाटेल. परंतु मुख असूनही ज्यांना सांगता येत नाही अशी माणसे मी जवळून पाहिली आहेत. त्यांतल्या एकीसाठी आज हे मौन सोडतो.

माझा जन्म एका कारागिराच्या अंगणात झाला. कागदाचे थर सरसाने एकावर एक चिकटवून त्याने मला घडवले आणि माझ्यासारख्या इतरांच्या रांगेत उन्हात उभे केले. वारा आला की आमच्या पोकळ देहांतून मंद हुंकार निघे. ते माझे पहिले स्मरण. मग त्याने माझ्या देहाच्या चार फाका केल्या, पोटात दात्यांची चाके बसवली आणि पाठीत चावीसाठी छिद्र ठेवले. चावी एका बाजूस फिरवली की फाका दूर सरत, दुसऱ्या बाजूस फिरवली की जवळ येत.

"माणसाचं अंग काय दगडाचं असतं?" तो आपल्या बायकोला म्हणाला. "आज एक, उद्या दुसरं. याला सगळ्यांसारखं होता आलं पाहिजे."

"आणि स्वतःसारखं?" तिने विचारले.

"ते त्याला कशाला हवं?" असे म्हणून तो हसला आणि त्याने माझ्यावर जाड कापडाचे आवरण चढवले.

मला विकत घेतले ते नुकतेच शिवणकाम सुरू केलेल्या एका तरुण स्त्रीने. घराची पुढची खोली हेच तिचे शिवणघर. रस्त्याकडे उघडणारी रुंद खिडकी, खिडकीपाशी पायाने चालवायचे शिवणयंत्र, भिंतीला टेकलेले कापायचे मेज, पडद्याआड कपडे घालून पाहण्याची जागा आणि मध्यभागी मी. दुपारच्या उन्हात कापडातून उडालेले तंतू तरंगत राहत, आणि मला वाटे की आपण कुठल्याशा शांत जलाच्या तळाशी उभे आहोत. ते माझ्या उमेदीचे दिवस होते. लग्नाचे पोशाख, शाळेचे गणवेश, थंडीचे कोट, सारे प्रथम माझ्या अंगावर चढले. येणारेजाणारे काचेबाहेर थबकत. "डमीवर एवढं शोभतं, मग अंगावर काय दिसेल!" असे म्हणत गिऱ्हाइके आत शिरत.

त्या स्त्रीची एक रीत मला फार आवडे. कच्चे टाके घातलेला कपडा चढवून गिऱ्हाईक आरशापुढे उभे राहिले की म्हणे, "ताई, काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही." ती कधीही "काय चुकतंय?" असे उलट विचारत नसे. गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून ती एवढेच विचारी, "कुठे ओढतंय?" गिऱ्हाईक क्षणभर थांबून खांद्यामागे बोट नेई. तिथे टाचणी लागे आणि कपड्याचा दोष आपोआप उलगडे.

तिला एक मुलगी होती. रांगायच्या वयात ती दोऱ्याच्या रिळांशी खेळे, म्हणून तिला सगळे रिळू म्हणत. माझ्या लोखंडी पायाला मिठी मारून ती उभी राहायला शिकली. पुढे एकदा ती पायरीवरून पडली आणि गुडघा फुटला. आई धावत आली.

"लागलं का गं?"

"काही नाही," रिळू म्हणाली. ओठ थरथरत होते, पण डोळ्यांत पाणी नव्हते.

"बघा, माझी लेक रडत नाही," आई खोलीतल्या गिऱ्हाइकांना अभिमानाने म्हणाली. त्यांनीही वाहवा केली. मुलीने ती वाहवा खडीसाखरेसारखी जिभेखाली ठेवली असावी. त्यानंतर मी तिला रडताना पाहिले नाही.

त्या घरात कोणीच फार बोलत नसे. रिळूचे वडील दूरच्या शहरी नोकरीसाठी गेले. आधी दर आठवड्याला त्यांचा फोन येई, मग सणवारी, मग क्वचित. तो आला की आई दोन शब्द बोलून ठेवून देई आणि शिवणयंत्रावर बसे. यंत्राची धडधड वाढली की समजावे, आज काहीतरी झाले आहे. "काय झालं गं आई?" असे रिळूने विचारले तर उत्तर ठरलेले, "काही नाही. दमलेय जरा." मुले बोलण्यापूर्वी ऐकायला शिकतात, मित्रांनो. रिळू हेच ऐकत मोठी झाली.

आमच्या मेजाच्या खणात बटणांचा एक डबा होता. शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, सगळी बटणे एकत्र. हलवला की एकच खळखळाट होई. त्यातून कोणते बटण वाजले ते सांगता येत नसे. रिळूचे अंतःकरण तसे झाले होते. मैत्रिणीने अबोला धरला, की ती म्हणे, "पोट भरलंय." परीक्षा जवळ आली, की "पोट कसंतरी होतंय." वडिलांचा फोन येऊन गेला, की "मला नको जेवायला." दुःख, भय, संताप, भूक, सारे एकाच डब्यात खळखळत होते आणि ती झाकण घट्ट दाबून धरत होती. जेवण नाकारले की तो खळखळाट थोडा वेळ थांबतो, असे तिच्या ध्यानात आले असावे. तिने तेच धरून ठेवले.

ती कृश होऊ लागली. आणि इथेच, मित्रांनो, अशी एक चूक घडली जी शिवणकाम करणाऱ्या घरातच घडू शकते.

कपडा सैल झाला तर दोष कपड्याचा, हे आईच्या हाडीमासी खिळलेले होते. रिळूचा गणवेश खांद्यावरून ओघळू लागला, तेव्हा आईने तो उसवला, आत घेतला, पुन्हा शिवला. माझी चावी किंचित फिरवून मला लेकीच्या मापाचे केले, माझ्यावर कपडा चढवून पाहिला आणि समाधानाने हात झटकले. काही दिवसांनी पुन्हा सैल. पुन्हा आत. तिची शिवण इतकी नेटकी, की रिळू नेहमी बेतशीर, नीटस दिसे. दुसऱ्या कुणाच्या घरी त्या ढगळ कपड्यांनीच आरडाओरडा केला असता. आमच्या घरी त्यांना गप्प करणारे हात फार कुशल होते, आणि त्या हातांत केवळ प्रेम होते.

लोकही भर घालत. एक जाड चष्म्याच्या काकू ब्लाउजचे माप द्यायला आल्या आणि रिळूला पाहून हरखल्या. "अगं बाई, काय सुरेख बारीक झालीस! आमच्या घरच्या ढोल्यांना सांग जरा तुझं गुपित."

रिळू हसली. काकू गेल्यावर ते हसू तिने पडद्याआड काढून ठेवले, घालून पाहिलेला कपडा काढावा तसे.

रिळूचा मामा सायकली दुरुस्त करी. तो आला की हसण्याखिदळण्याला ऊत येई. एकदा चहाचा पेला माझ्या खांद्यावर टेकवून तो म्हणाला, "ताई, तुझी डमी आणि तुझी पोरगी, दोघींत डमीच खाऊनपिऊन सुखी दिसते बघ!"

"पेला उचल आधी, डाग पडेल," आई म्हणाली. "आणि पोरीला नजर लावू नकोस. वाढीचं वय आहे."

"वाढीचं? मग ही उलटी कशी वाढतेय?"

सगळे हसले. रिळूही हसली. विनोद हवेत विरून गेला, आणि त्यातले सत्यही.

मग शाळेचा समारंभ ठरला. रिळूसाठी निळ्या रेशमी कापडाचा पोशाख बेतायला घेतला. सकाळचे कोवळे ऊन होते. आईने रिळूचे माप घेतले, माझ्या पाठीत चावी घातली आणि फिरवू लागली. माझ्या फाका एकमेकींजवळ आल्या. आणखी जवळ. मग एकमेकींना भिडल्या आणि चावी थांबली.

आईने जोर लावला. चावी हलेना. "गंजलं वाटतं," ती पुटपुटली. तिने तेल घातले, थोडे थांबून पुन्हा प्रयत्न केला. नाही. शेवटी तिने भावाला बोलावले.

मामाने हत्यारांची पिशवी खाली ठेवली, माझी पाठ उघडली, चाके एकेक करून तपासली.

"काय बिघडलंय?" आईने विचारले.

"काहीच नाही बिघडलेलं."

"मग फिरत का नाही?"

"ताई, फाका मिटल्यात. याहून बारीक व्हायची सोयच नाही यात." मामा आज हसत नव्हता. "कुणाचं माप लावत होतीस?"

ती पुढे झाली आणि तिने दोन्ही हात माझ्याभोवती घातले. इतक्या वर्षांत तिने मला अनेकदा उचलले, फिरवले, पुसले होते. मिठी प्रथमच मारली. तिचे हात माझ्या पाठीमागे एकमेकांना भेटले आणि एकमेकांवरून पुढे गेले. माझ्या कापडाला तिचा श्वास लागत होता. मी कागदाचा आहे, मित्रांनो, तरी त्या क्षणी ती कुणाचा देह कवटाळत होती ते मला कळले. तिलाही कळले. "रिळू!" अशी जी हाक तिने घातली, तशी हाक मी त्या घरात कधी ऐकली नव्हती.

त्यानंतर खोली रिकामी झाली. रिळूला रुग्णालयात ठेवावे लागले. तिचे हृदय अशक्त झाले होते आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की आणखी उशीर झाला असता तर उपचारांनाही वेळ उरला नसता. माझ्यावर पांढरी चादर घातली गेली. निळे रेशीम मेजावर तसेच घडीत राहिले. शिवणयंत्र मुके झाले. उपेक्षेचे ते दिवस मी चादरीआड एका दीर्घ स्वप्नासारखे काढले. प्रकाश दुधासारखा झिरपे, ओसरे. कधी मी कारागिराच्या अंगणात असे, कधी त्या शांत जलाच्या तळाशी. कधी वाटे, माझ्या फाका आपोआप उमलत आहेत आणि आत कुणीतरी लहान मुलगी झोपली आहे.

एका दुपारी दार उघडले. पावले दोघींची होती.

रिळू घरी आली होती. आता घरात जेवणाच्या वेळा ठरल्या होत्या आणि आई प्रत्येक वेळी तिच्यासमोर बसे. आहार आणि औषधे डॉक्टर पाहत, आणि आठवड्यातून एकदा ती एका समुपदेशक बाईंकडे जाई. तिथून परतली की तिचा चेहरा उत्तरपत्रिका कोरी ठेवून आलेल्या मुलीसारखा असे.

"काय म्हणाल्या बाई?" आईने एकदा विचारले.

"तेच. काय वाटतं तुला, म्हणाल्या."

"मग? तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? मला कळतच नाही गं काय वाटतं. सगळे असं विचारतात, जणू आत पाटी लावलीये आणि मी मुद्दाम वाचत नाहीये. मी बघते आत. नुसता गोंधळ असतो. मग वाटतं, जेवण बंद केलं की निदान शांत तरी होईल."

आईने हातातली कात्री खाली ठेवली. लेकीला द्यायला तिच्याजवळही शब्द नव्हते. आयुष्यभर तिने ते यंत्राखाली घातले होते. मग ती उठली, तिने माझ्यावरची चादर ओढून काढली आणि टाचण्यांची उशी रिळूच्या हातात दिली.

"काय वाटतं ते राहू दे," ती म्हणाली. "मलाही नाही सांगता येत. तू एवढंच सांग, कुठे ओढतंय?"

रिळूने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. टाचणी हातात धरून ती माझ्याभोवती सावकाश फिरली, अनोळखी गावात पत्ता शोधणाऱ्या माणसासारखी. शेवटी तिने ती माझ्या गळ्यापाशी टोचली.

"इथे. पण ओढत नाही. आवळतं."

"कधीपासून?"

"बाबांचा फोन आला ना परवा. तू ठेवून दिलास. तेव्हापासून."

आईच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. ते तिने पुसले नाही.

पुढच्या भेटीत रिळूने ही गोष्ट समुपदेशक बाईंना सांगितली, आणि त्या मनापासून आनंदल्या. घरी येऊन आईने त्यांचे शब्द मामाला सांगितले, म्हणून ते मला ठाऊक आहेत. "जागा सापडली, हे फार मोठं काम झालं. नाव आपण मिळून शोधू. गळ्यापाशी आवळतं तेव्हा काहींना रडू आलेलं असतं, काहींना बोलायचं राहून गेलेलं असतं. रिळूचं काय आहे ते तीच ओळखेल, आपण घाई नको करूया."

मग माझ्या आयुष्यातले सर्वांत विलक्षण काम सुरू झाले. मी गिऱ्हाइकांचे कपडे घालीत असेच, परंतु संध्याकाळी त्या अंगावर रिळूच्या टाचण्या उमटत. छातीवर जड. पाठीत गार. पोटात, उजवीकडे, फडफड. काही दिवस ती एकही टाचणी लावीना, ताट दूर सारी, दार लावून घेई. एकदा तर तिने साऱ्या टाचण्या उपसून जमिनीवर फेकल्या. आई आणि मामा गुडघ्यांवर बसून त्या वेचत राहिले.

"सायकलीचं बरं असतं," मामा पुटपुटला. "पंक्चर कुठे ते पाण्यात बुडवलं की कळतं."

पडद्याआडून रिळूचे बारीक हसणे ऐकू आले. ते हसू कुणाला दाखवण्यासाठी नव्हते.

हळूहळू रिळूच्या अंगावर मांस चढू लागले. कपडे घट्ट झाले. एका प्रसन्न सकाळी आईने तिचा जुना गणवेश मेजावर उलटा पसरला आणि आत घेतलेल्या शिवणी उसवू लागली. रिळू जवळ येऊन उभी राहिली. कापडाच्या उलट्या बाजूस शिवणीच्या रेषा दिसत होत्या, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, ओहोटीने वाळूवर मागे ठेवाव्यात तशा.

"हे सगळं तू केलंस?" रिळूने विचारले.

"हो."

"दर वेळी?"

"हो गं."

"आणि तुला कळलं नाही?"

आईच्या हातातला दोरा थांबला. "मला वाटलं, कापड सैल पडलंय."

रिळूचा चेहरा लाल झाला. तिने उशीतून टाचणी उचलली आणि ती माझ्याकडे वळली. टाचणी माझ्या छातीपर्यंत आली आणि अधांतरी राहिली. मग तिने ती खाली ठेवली, आपला तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. मित्रांनो, त्या क्षणी माझी गरज संपली, आणि असा आनंद मला कुठल्याही रेशमाने दिला नव्हता.

"इथे," ती म्हणाली. "गरम आहे. खूप. वर चढतंय." तिने डोळे उघडले. "आई, मला राग आलाय. तुझा."

आईचा पाय सवयीने शिवणयंत्राच्या पट्टीवर गेला. पट्टी अर्धी दबली. मग तिने पाय उचलून घेतला आणि ती लेकीकडे वळून बसली.

"बोल," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

"तू मला शिवत बसलीस! मी तुझ्यासमोर उभी असायची, आणि तू टेप बघायचीस. मी विरत होते आणि तू कपडा नीट करत होतीस. कुणालाच कळू दिलं नाहीस. मलासुद्धा!"

"खरं आहे."

"खरं आहे काय नुसतं!"

"मला भीती वाटत होती, रिळू." भीती हा शब्द त्या घरात प्रथमच उच्चारला जात होता. "बघितलं असतं तर खरं ठरलं असतं. म्हणून मी बघितलं नाही. अजूनही भीती वाटते. रोज वाटते."

रिळू रडली. गुडघा फुटला तेव्हाचे, वडील दूर गेले तेव्हाचे, सगळे एकदम. आईने तिला थांबवले नाही. खिडकीबाहेर रस्ता आपला चालत होता, उन्हात तंतू तरंगत होते, आणि किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मग रिळूने बाहीने नाक पुसले आणि ती एकदम स्तब्ध झाली, आतला एखादा बारीक आवाज ऐकावा तशी.

"आई."

"काय गं?"

"राग अजून आहे. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी आहे." तिचा हात छातीवरून खाली सरकला. ती चकित झाली होती. "भूक लागलीये मला. हे वेगळं आहे. दोन्ही वेगवेगळं आहे!"

दोघी आतल्या खोलीत गेल्या. ताटे मांडल्याचा आवाज आला, मग रिळूचे शब्द, "राग गेला नाहीये हं अजून," आणि आईचे, "नसू दे. जेवता जेवता कर."

मित्रांनो, रिळू पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. तो मार्ग लांब आहे. डॉक्टर आणि समुपदेशक बाई अजून तिच्यासोबत चालत आहेत. परंतु मी, शिर नसलेला, तुम्हां शिर असलेल्यांना एक विनंती करतो. कुणी बारीक होत असेल तर वाहवा करू नका. कुणी रडत नसेल तर त्याचा अभिमान बाळगू नका. तुमच्या आतच असा खळखळाट असेल, तर तो एकट्याने दाबून ठेवू नका. नाव सापडले नाही तरी चालेल, कुणा जाणत्या माणसाला नुसती जागा दाखवा. आणि तुमच्या शेजारी बसणारी मुलगी मधल्या सुट्टीत डबा न उघडता "काही नाही" म्हणाली, तर तिच्याजवळ बसा, हळूच विचारा, कुठे ओढतंय. मग उत्तर येईपर्यंत तिथून उठून जाऊ नका.